बोटं सांगतील तसं

आमच्या गावच्या दर्ग्यात उरसाला पहिली सनई फुंकायचा मान खाजामियाँचाचांचा. त्यांच्या आधी त्यांच्या बापाचा होता, त्याच्या आधी बापाच्या बापाचा. दारात ती सनई वाजल्याशिवाय संदल, म्हणजे पीरसायबाला लावायचं चंदन, आत जात नाही. चाचांना जमीन नव्हती, दात सहा होते आणि हमिदाबीचाची त्यांना दिवसातून दोनदा घराबाहेर काढायची. म्हणजे म्हणाल तर हा मान तेवढाच त्यांचा होता.

मी त्यांचा पुतण्या बशीर. मी सूर धरायचो. सूर म्हणजे दुसरी सनई, तिच्यातून एकच आवाज निघतो. चाचा वाजवायचे तोवर तो आवाज काढत बसायचं. माझ्या कलेबद्दल एवढं पुरे.

नवं राज्य होऊन वर्ष व्हायचं होतं. ऐन रमजानात सरकारी प्रचाराची जीप गावात आली. तिच्यातून काळ्या चष्म्याचे एक साहेब उतरले आणि त्यांना लोककला पाहिजे होती. आमच्याकडं ती चाचांच्या रूपानं भिंतीला टेकून बसली होती.

"वाजवा," साहेब म्हणाले.

"रोजा हाय, साहेब," चाचा म्हणाले. सनईची पत्ती तोंडात भिजवल्याशिवाय बोलत नाही, आणि भिजवली की पाणी घशाखाली उतरणारच.

साहेबांनी विचार केला. त्यांच्या कॅमेऱ्याला किल्ली होती, कान नव्हते. "आवाज आत्ता घ्यायचाच नाहीये," ते म्हणाले, "नुसती तोंडाजवळ धरा. गाल फुगवा. बोटं हलवा."

चाचांनी गाल फुगवले आणि बोटं हलवली. ईदेला किती दिवस राहिले ते आपण त्या बोटांवर मोजत होतो, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मधेच नाकावर माशी बसली, तर डावा हात काढून त्यांनी नाक खाजवलं आणि हात परत ठेवला. साहेब "वा" म्हणाले आणि किल्ली संपली.

तीन महिन्यांनी गाडी परत आली, या वेळी पडदा, विजेचं इंजिन आणि यंत्र चालवणारा गुंडाप्पा घेऊन. दिवेलागणीला दर्ग्यासमोर सगळं गाव जमलं. चित्राला आवाज नव्हताच. विहिरी आल्या तेव्हा साहेबांनी भोंग्यातून विहिरींबद्दल सांगितलं, उंदीर आले तेव्हा उंदरांबद्दल सांगितलं. मग चाचा आले. आठ हात उंच, एकेक बोट उसाच्या कांड्याएवढं.

"कलाकार हजर आहेत," साहेब भोंग्यात म्हणाले. "पडद्याशेजारी बसतील आणि चित्राबरोबर वाजवतील. गुंडाप्पा, मागं घे."

चाचा पडद्याशेजारी बसले, मी मागं सूर धरला. चाचा दर्ग्यात वाजवायचे तीच बापाची चीज त्यांनी सुरू केली. मी आयुष्यभर त्यांच्या मागं बसलोय, पण त्या दिवसासारखी ती कधी ऐकली नाही. माझासुद्धा सूर हलला, आणि माझ्या सुराला हलायला जागा नसते.

लोक हसायला लागले.

चूक त्यांची नव्हती. पडद्यावरचं बोट वर जायचं आणि आवाज खाली यायचा. बोटं थांबायची आणि सनई पळत सुटायची. पडद्यावरच्या चाचांनी नाक खाजवलं तेव्हा इथं चाचा सगळ्यात अवघड जागी होते. धोंडीबा तेली तर हसता हसता शेजाऱ्याच्या अंगावर पडला.

"जमंना झालंय चाचाला," कुणीतरी म्हणालं.

"वय झालं."

"पडद्यावरला बघ कसा जोमात हाय!"

बब्रुवान पाटील उठले. उरसाच्या पंचात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. "खाजामियाँ, तिकडं एक आन् इकडं एक, असं का?"

"पाटील, तिकडं म्या वाजवलंच न्हाय. रोजा व्हता. नुसती बोटं हलवली."

पाटलांनी पडद्याकडं पाहिलं. "म्हंजी सरकारला फसवलं?"

"साहेबांनीच सांगितलं तसं."

साहेबांनी चष्मा पुसला. अंधारात तो चष्मा त्यांनी कशाला लावला होता हे कुणी विचारलं नाही. "बोटं आणि आवाज जुळले पाहिजेत," ते म्हणाले. "कलेत तेवढं तरी पाहिजे."

"चित्र बदलता येतं का?" पाटलांनी विचारलं.

"न्हाय," गुंडाप्पा म्हणाला.

"मग खाजामियाँ, तुम्हीच बदला."

दुसऱ्या वेळी चाचांनी पडद्याकडं तोंड केलं आणि बोटं सांगतील तसं वाजवलं. गुंडाप्पाचं इंजिन खोकलं की पडद्यावरची बोटं मंदावायची, चाचाही मंदावायचे. इंजिन सावरलं की दोघंही धावायचे. ईदेचे दिवस मोजलेली बोटं ती, त्यातून जे निघालं त्याला काय म्हणावं मला माहीत नाही. दारात अडकलेल्या कोकराचं ओरडणं त्याच्या जवळपास जाईल. नाकाशी आल्यावर चाचांनी डावा हात उचलला, वरची सगळी भोकं एकदम उघडी पडली आणि अशी किंकाळी निघाली की दर्ग्याच्या घुमटावरची कबुतरं भूमच्या दिशेनं गेली.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बोटाला बोट जुळलं होतं. "आता कसं!" धोंडीबा ओरडला. नाकाची जागा लोकांनी चार वेळा परत मागितली. चाचांनी चार वेळा वाजवली. पाचव्या वेळी त्यांनी सनई मांडीवर ठेवली आणि पत्ती काढून खिशात घातली.

पाटलांनी तिथंच जाहीर केलं की उरसाला साहेबांनी गाडी पाठवावी, दर्ग्याच्या दारात पडदा लावावा आणि संदलाला हेच वाजावं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

"पीरसायबाच्या दारात मी हे वाजवणार न्हाय," चाचा म्हणाले.

"मग काय वाजवणार?"

"बापानं शिकवलं ते."

"ते जुळत न्हाय, खाजामियाँ. सगळ्या गावानं डोळ्यानं बघितलं."

चाचा दर्ग्याच्या दाराकडं पाहत म्हणाले, "चाळीस वर्सं जुळत व्हतं."

"तवा पडदा कुठं व्हता?" पाटील म्हणाले. ते रागात नव्हते, समजावून सांगत होते. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बशीर, तुला जमंल का रं?"

मी चाचांकडं पाहायला पाहिजे होतं. मी पडद्याकडं पाहिलं.

जमायला आठ दिवससुद्धा लागले नाहीत. भूमच्या बाजारच्या दिवशी गाडी तिथं होती. तिथं जाऊन मी ते चित्र सहा वेळा पाहिलं आणि बोटं पाठ केली. त्या वाजवण्याचा एक फायदा होता, बेसूर झालं तरी कळत नव्हतं. सूर धरायला मी धोंडीबाच्या पोराला बसवलं. तो मधेच सोडून द्यायचा, पण लोक बोटं बघत होते.

घरात हमिदाबीचाची तेवढी बोलली. "तुमाला सांगितलं व्हतं, एक दिस रोजा सोडून नीट वाजवा," ती चाचांना म्हणाली, आणि मला भाकरी वाढली.

उरसाला आसपासच्या गावांतून माणसं आली. ईटहून तर बैलगाड्या भरभरून आल्या. दर्ग्याच्या दारात पडदा लागला. संदल घेऊन लोक थांबले. मी शेजारी बसलो, गुंडाप्पानं यंत्र चालू केलं आणि चाचा पडद्यावर आठ हात उंच उभे राहिले. मी फुंकायला लागलो. पहिल्या बोटाला गर्दीतून "वा" निघालं.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. गर्दीच्या मधोमध चाचा उभे होते. अंगावर धुतलेला सदरा, हात पाठीमागं. बोटं अधूनमधून हलत होती. मी काय वाजवतोय त्याच्याशी ती अजिबात जुळत नव्हती. सगळे बसले होते, ते एकटेच उभे, आणि पडद्यावर त्यांच्या डोक्याची काळी सावली पडली होती, बरोबर सनईवर.

मागून ईटचा कुणीतरी ओरडला, "ओ चाचा, खाली बसा की! खाजामियाँ दिसंनात!"

चाचांनी मागं वळून पाहिलं. "दिसंनात व्हय?" ते म्हणाले.

"न्हाय ना! बसा!"

चाचा बसले. मग मागच्यांनाही नीट दिसलं.