धाकटीचा गाण्याचा गाउन

मित्रांनो, मी एक जुना काळा गाउन आहे. गाउन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सकाळी घरात घालायचा फुलाफुलांचा ढगळ कपडा येईल. तसा मी नव्हे. पियानोच्या नाहीतर मोठ्या वाद्यवृंदाच्या साथीने शास्त्रीय गाणं गाणाऱ्या एका बाईचा मी कार्यक्रमाचा पोशाख. पायघोळ, लांब बाह्यांचा.

माझा जन्म एका शिवणकामाच्या खोलीत झाला. तिथे दोघी बहिणी राहत. थोरली वकिलांचे काळे डगले शिवायची. धाकटी गायची. आईवडील लवकर गेल्यामुळे ताईनेच धाकटीला वाढवलं होतं आणि गाणंही शिकवलं होतं, म्हणजे शिकायला पाठवलं होतं. ताईला स्वतःला सुराचा गंध नव्हता. ती गुणगुणायला लागली की धाकटी हात जोडायची.

धाकटीला पहिला कार्यक्रम मिळाला तेव्हा ताईने डगल्यांच्या ताग्यातून उरलेलं कापड काढलं. माप घेताना ती म्हणाली, "श्वास घे. अजून. आता तसंच धर." आणि त्या भरलेल्या छातीवरून तिने फीत फिरवली. त्यामुळे एरवी मी धाकटीच्या अंगावर थोडा सैल दिसायचो. ती गायला लागली की बरोबर बसायचो.

धाकटी कुठल्याच संस्थेत नोकरीला नव्हती. बोलावणं येईल तिथे जायची. तिच्या पायाला भिंगरी होती, आणि मी तिच्या बॅगेत गुंडाळलेला असायचो. एका रविवारी दोनशे गायकांच्या समूहापुढे उभं राहून ती एकटीचा भाग गायची, तर मंगळवारी एखाद्या दवाखान्याच्या उद्घाटनात, फीत कापणारे पाहुणे येईपर्यंत वेळ काढायला गायची. मी लग्नं पाहिली, अंत्यविधी पाहिले. एकदा तर सकाळी अंत्यविधी आणि दुपारी लग्न होतं, आणि वाटेत चेहरा बदलायला तिला एक बसप्रवासच काय तो मिळाला. एका कारखान्याच्या जेवणघरात ती गात असताना शेवटच्या बाकावरचा फोरमन चमचा हातात धरून तसाच बसून राहिला होता. त्याचं जेवण गार झालं. धाकटी म्हणायची की आपल्याला एवढी मोठी दाद कुठल्याच सभागृहात मिळाली नाही.

आणि ऑपेरा. ऑपेरा म्हणजे ज्यात माणसं भांडतात, रुसतात, मरतात ती सगळी गाऊनच, असं नाटक. तिथे मला मंचावर प्रवेश नव्हता. नाटकगृहाचे स्वतःचे कपडे असत. धाकटी मला रंगपटातल्या खुंटीवर टांगून मोलकरणीचा झगा चढवायची. तिच्या वाट्याला मोलकरणी फार आल्या. कधी राणीची तिसरी सखी, कधी पडद्याआडून येणारा नुसता आवाज. भिंतीवर एक छोटा स्पीकर होता. त्यातून मंचावरचं गाणं रंगपटात ऐकू यायचं. तिचं दोन ओळींचं काम आलं की मी कान टवकारायचो.

त्या नाटकगृहात तिने नायिकेची भूमिकाही पाठ करून ठेवली होती. मुख्य गायिका आजारी पडली तर उभं राहायला. सहा वर्षं ती गायिका ठणठणीत राहिली. धाकटी हसून म्हणायची, "त्या बाईंची तब्येत बघून डॉक्टरांनी धंदा सोडला असेल."

सातव्या वर्षी फोन आला. सकाळचा चहा चालला होता. धाकटीला चार दिवसांपासून सर्दी होती आणि घसा धरला होता. मी इस्त्रीच्या टेबलावर पडलेलो होतो.

"बाईंना ताप आहे," नाटकगृहाचे व्यवस्थापक म्हणाले. "तुम्हाला भूमिका पाठ आहे ना? संध्याकाळी उभ्या राहाल?"

ताईने हातातली इस्त्री उभी ठेवली आणि मान हलवून नको म्हटलं. धाकटीने तिच्याकडे पाठ केली.

"राहते," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ताई म्हणाली, "नुसतं बोलतेस तरी खरखर येतेय. त्यांना कळव, जमणार नाही म्हणून."

"ताई, आपण एकदा नाही म्हटलं की पुढचा फोन दुसरीकडे जातो. सहा वर्षं ह्याचीच वाट बघितली ना मी?"

ताई गप्प बसली. पुढे तिने त्या गप्प बसण्याबद्दल स्वतःला कधीच माफ केलं नाही.

त्या संध्याकाळी मी खुंटीवरून सगळं ऐकलं. पहिला अंक ती जपून गायली. दुसऱ्या अंकात आवाज असा मोकळा झाला की रंगपटातल्या बायका वेणीफणी सोडून स्पीकरखाली जमल्या. तिसऱ्या अंकात नायिकेची शेवटची उंच तान असते. ती तिने घेतली. पूर्ण घेतली. पण तिच्या टोकाला कापड टरकताना येतो तसा एक बारीक आवाज मला ऐकू आला. टाळ्यांमध्ये तो कोणाच्या लक्षात आला नाही.

ती फुलं घेऊन खोलीत आली. मागोमाग व्यवस्थापक आले. "कमाल केलीत," ते म्हणाले. धाकटीने आभार मानायला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली.

गळ्यातल्या स्वरतंतूवर रक्त साकळलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. तीन महिने एक शब्दही बोलायचा नाही. धाकटी पाटीवर लिहायला लागली. तिच्यासोबत ताईही कुजबुजत बोलायला लागली. तिला काहीच झालं नव्हतं, पण मोठ्याने बोलायला तिची जीभच रेटेना. गिऱ्हाइकं विचारायची, "बाई, तुमचाही घसा बसलाय का?"

तीन महिन्यांनी आवाज परत आला, पण सगळा नाही. वरचे सूर गेले ते गेलेच. मधलेही कधी लागायचे, कधी हातातून मासा सुटावा तसे निसटायचे. मित्रांनो, माझा गळा ताईने आजवर तीनदा उसवून नवा केला होता. धाकटीच्या गळ्यापुढे तिची सुई काय कामाची?

तरी तिने एक कार्यक्रम घेतला. निवृत्त शिक्षकांचं छोटं सभागृह, साथीला नेहमीचे पियानोवाले काका. तिने मला अंगात घातलं. दोन गाणी पार पडली. तिसऱ्यात एका जागी सूर आलाच नाही. काकांनी प्रसंग सांभाळला. तेवढाच तुकडा ते पुन्हा वाजवत राहिले, तिची वाट बघत. एकदा, दोनदा, तीनदा. तिने श्वास घेतल्याचं मला कळत होतं. माझ्या शिवणी ताणल्या जात होत्या. मग तिने पियानोवर हात ठेवला आणि काका थांबले.

"माफ करा," ती म्हणाली.

भल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं मी टाळ्या ऐकल्या, पण त्यांचं ओझं मला त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

त्यानंतर मी कपाटात गेलो. फोन यायचे थांबले. कोणी मुद्दाम विसरलं असं नाही, बाकीच्यांचे गळे चांगले होते इतकंच. माझ्या बाहीला कसर लागली. चार वर्षं दार उघडलं ते फक्त चादरी काढायला.

मग एका दुपारी धाकटीने मला बाहेर काढून ताईच्या मशिनवर ठेवलं. "गुडघ्याखाली काप," ती म्हणाली. नाटकगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम तिला मिळालं होतं आणि तिथे काळा पोशाख लागत होता.

"मी नवा शिवून देते," ताई म्हणाली. "हा तुझा गाण्याचा आहे."

"गाण्याचं आता काय करायचंय, ताई? कापड चांगलं आहे."

ताईने कात्री चालवली. कापलेला घेर तिने टाकला नाही, घडी करून ठेवला. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आता मी रोज संध्याकाळी नाटकगृहात असतो. दारं बंद झाली की जागा दाखवणाऱ्यांना मागच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसून फुकट ऐकायची मुभा आहे. बाकीच्या पोरी धावत आत जातात. धाकटीने बाहेरच्या मार्गिकेतलं काम मागून घेतलं आहे.

मित्रांनो, मला स्वतःसाठी काही मागायचं नाही. मी कापड आहे, फाटेन तेव्हा फाटेन. पण तुमच्या घरात कोणी गात असेल आणि एखाद्या सकाळी त्याचा घसा दुखत असेल, तर त्याच्या हातातून फोन काढून घ्या. रागावला तर रागावू द्या. गप्प बसू नका.

गेल्या आठवड्यात कोणीतरी आतलं दार अर्धवट लोटून गेलं. तिसरा अंक चालू होता. कोणी नवीन मुलगी नायिका होती आणि ती त्या शेवटच्या तानेपाशी येत होती. धाकटी मार्गिकेच्या टोकाला उभी होती. ती चालत आली. थोडा वेळ तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला. मग आतल्या मुलीला जराही व्यत्यय येणार नाही अशा बेताने तिने ते दार हळूच लावून घेतलं.