बुटकीचा आकडा

काच कापताना फोन वाजला की हात हलतो, म्हणून फोटोफ्रेमच्या दुकानात मी फोन बंदच ठेवायचो. बुटकीला, म्हणजे माझ्या मुलीला, मधुमेह निघाला आणि ती चैन संपली. तिच्या दंडावर बटणाएवढा सेन्सर आहे. तिची साखर दर पाच मिनिटांनी माझ्या फोनवर दिसते, तिच्या आईच्याही. सत्तरच्या खाली गेली की दोन्ही फोन बोंबलतात.

घटस्फोटात मुलगी आईकडे गेली. माझ्या वाट्याला एक सोडून एक रविवार आला, आणि हा आकडा. एकदम दोनशेवर गेला की ओळखायचं, बाईसाहेबांनी चोरून बिस्किटं हाणली. भराभर उतरायला लागला की मैदानावर हुंदडतेय. तिच्या आईशी बोलणं म्हणजे नुसते मेसेज. ‘पोचली.’ ‘बरं.’ दोघंही तोंडाने फटकळ, त्यामुळे तेवढंच बरं होतं.

त्या महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला तीनदा साखर घसरली. तिन्ही वेळा मी अर्धवट काच टाकून शाळेत धावलो, तिची आई दातांच्या दवाखान्यातलं काम टाकून. रस पाजायचा आणि आकडा चढेपर्यंत बाकावर बसायचं, बुटकी मध्ये, आम्ही दोन बाजूंना. काळजीच्या भरात आम्ही चक्क माणसांसारखं बोलायचो. एकदा तर माझ्या केसांतला लाकडाचा भुसा बघून तिची आई हसलीसुद्धा.

तिसऱ्या वेळी रसाची बाटली काढायला मी दप्तर उघडलं. डबा हाताला जड लागला. सकाळी भरलेला, तसाच्या तसा.

रस पोटात गेल्यावर तिची आई ओरडली, “इन्सुलिन घेतलंस आणि जेवली नाहीस? जिवावर बेतलं असतं, कळतंय का?”

बुटकी बुटांकडे बघत म्हणाली, “पण मग तुम्ही दोघं येता ना.”

अकरा वर्षांच्या पोरीने आम्हाला एका बाकावर बसवायला जीव पणाला लावला होता. मला स्वतःची लाज वाटली.

“रविवारी तिघं भेटत जाऊ,” तिची आई हळूच म्हणाली.

“गेल्या वर्षी भेटलो होतो. भर हॉटेलात भांडलो. ही टेबलाखाली जाऊन बसली होती.”

तिच्या आईने रसाच्या रिकाम्या बाटलीला झाकण लावलं.

“आकडा माझ्या फोनवरून काढून टाक,” मी म्हणालो. “मी येणारच नाही म्हटल्यावर ही उपाशी कशाला राहील?”

“बाबा, मग तुला माझं कसं कळणार?”

“आई सांगेल.”

आई सांगणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. बुटकीने डबा उघडला आणि तिथेच सगळा संपवला, आमच्याकडे न बघता, रडत रडत. आकडा एकशे दहावर आल्यावर तिच्या आईने माझा फोन मागून घेतला आणि आकडा काढून टाकला.

आता दुपारी दोनला काच सरळ कापली जाते. फोन शेजारीच असतो, आवाज पूर्ण मोठा करून. जेवली असेल बुटकी.