बारावं फूल

"बारा? अगं, बाई अजून जिवंत आहेत!" सैरा फोनवर ओरडलीच.

पलीकडे बिश्केकच्या, फुलं पाठवणाऱ्या कचेरीतली पोरगी खुदकन हसली. "ठाऊक आहे हो, ताई. सत्तरावा वाढदिवस आहे त्यांचा. पण गिऱ्हाईक शिकागोचं. तिकडे फुलं डझनानं देतात म्हणे."

"तिकडे देत असतील. आपल्याकडे दोन, चार, बारा अशी जोडीच्या आकड्यातली फुलं फक्त कबरीवर नेतात. सांगायचं नाहीस का त्याला?"

"मी कशाला सांगू? त्याची आई, त्याची फुलं. त्याला पाठवायचा फोटो तेवढा विसरू नका."

सैरानं फोन ठेवला आणि त्या शिकागोच्या गिऱ्हाईकाला, एर्मेकला, मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. हा तिच्याच वर्गातला. बाप गेला तेव्हा मोजून सहा फुलं घेऊन गेलेला पोरगा. तिकडे जाऊन एकोणीस वर्षांत एवढं विसरावं माणसानं?

कोचकोर गावच्या बाजारात फुलांचं दुकान तिचं एकटीचंच. बिश्केकहून प्रवासी गाडीत, जुन्या गोधडीत गुंडाळून फुलं येत आणि कुणाकुणाच्या दूरदेशी गेलेल्या लेकरांच्या नावानं ती दारोदार पोचवी. दार उघडलं की माणसं आधी फुलं बघत, मग तिच्या खांद्यावरून मागे अंगणात बघत. कोणी आलंय का? कोणीच नसे. चेहरा क्षणभर उतरे, लगेच सावरे. पंधरा वर्षांत सैराला त्या क्षणाची सवय झाली नव्हती. तिला स्वतःला कोणी फुलं पाठवली असती, तर तीही तिलाच नेऊन द्यावी लागली असती. पण नवरा गेल्यापासून पाठवणारं तरी कोण होतं? मूल नाही, बाळ नाही.

तिनं एक गुलाब काढून दुकानातल्या बादलीत ठेवला आणि अकराचा गुच्छ बांधला.

एर्मेकच्या आईनं, उल्कान बाईंनी दार उघडलं, फुलं बघितली, अंगणात बघितलं. मग म्हणाल्या, "ये आत. उंबऱ्यात काय उभी राहतेस? चहा ठेवलाय."

जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई, सैरालाही. गुच्छ हातात घेतानाच त्यांची नजर फुलाफुलावरून सरकली. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला आणि पडद्यावर एर्मेकचा थकलेला, जाडजूड चेहरा आला.

"आई! मिळाली का? बाराच्या बारा?"

बाईंनी गुच्छाकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "अकरा आहेत रे."

"अकरा? बघ, एक ढापलंच! चोर आहेत सगळे. थांब, तक्रारच करतो."

सैरानं हातातली बशी खाली ठेवली. एका वाक्यात तिला मोकळं होता आलं असतं. पण ते वाक्य बाईंच्या देखत बोलायचं होतं, आणि ते ऐकलं की पोरगा आपल्या घरची रीत विसरला हे त्यांना कायमचं कळलं असतं.

"एक मोडलं रे वाटेत," ती पुढे होत म्हणाली. "चूक माझी."

"कोण, सैरा? तू अजून तिथंच?" तो हसला. "बरं, असू दे. आई, झोपतो आता, पहाटे ट्रक काढायचाय."

पडदा काळा झाला. बाईंनी फोन पालथा ठेवला.

"नववीतसुद्धा तुला खोटं बोलता यायचं नाही. मोडलं नाही ना?"

"नाही बाई."

"काढून ठेवलंस."

"मग काय करू? बारा कशी देऊ तुम्हाला? तुमच्या हातात?"

बाई खुर्चीत बसल्या. "पोरगा रीत विसरलाच म्हणायचा," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. सैराला वाटलं, आपण चोरच ठरलो असतो तर किती बरं झालं असतं.

"जा, घेऊन ये ते."

"बाई, अहो, काहीतरीच काय! चांगल्या दिवशी असं अभद्र..."

"लेकानं बारा पाठवलीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाठवलीत. त्यातलं एकही मी तुझ्याकडे ठेवायची नाही."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. सैरा बर्फातून दुकानात गेली, धापा टाकत परत आली. तोवर बाईंनी ठेवणीतला कोट घातला होता, डोक्याला पांढरा रुमाल बांधला होता. बारावं फूल त्यांनी स्वतःच्या हातानं गुच्छात खोचलं, दोऱ्याची गाठ सोडली आणि फुलं पंख्यासारखी पसरून छातीशी धरली.

"सगळी मोजता येतील असा फोटो काढ," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

सैरानं फोन वर धरला. बोट बटणापाशी गेलं, पण तिला ते दाबवेना.

"काढ ना गं लवकर," बाई चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून म्हणाल्या. "फार वेळ असं हसता येत नाही मला."