मिठाचा चमचा

बायकोला स्मशानात पोचवून आल्यावर चौथ्या दिवशी मान-शिक हा कोरियन गृहस्थ बाजारातल्या नेहमीच्या खानावळीत एकटाच गेला. गोमांसाच्या हाडांचं पांढरंशुभ्र, वाफाळतं सूप समोर आलं. पहिल्याच घोटाला तो भडकला. "वहिनी, अगदी अळणी! हाताची चव गेली का तुमच्या?"

मालकीणबाईंनी मिठाचं भांडं पुढे सरकवलं. "भाऊजी, इथं ज्याचं त्यानंच मीठ घालायचं असतं. तुमच्या वाटीत ताई घालायच्या. तुमचं डोकं पेपरात."

मान-शिकनं चमचा उचलला. "किती घालायचं?"

"ते मी कसं सांगू?"

छत्तीस वर्षं तो हात त्याच्या वाटीवर वाकत होता आणि त्यानं एकदाही मान वर केली नव्हती. त्यानं चमचा भरला, अर्धा रिता केला, पुन्हा भरला. सूप गार झालं तरी चमचा हातातच होता.