पुट्टीच्या खाली

गॅरेजात दोघा भावांची वाटणी पक्की होती: पुट्टीच्या खाली थोरला, पुट्टीच्या वर धाकटा. गंजलेला पत्रा कापायचा, नवा तुकडा जोडायचा, ठोकून सरळ करायचा आणि वर पुट्टी भरून गाडी पुढे सरकवायची, हे थोरल्याचं काम. घासायचं, प्रायमर मारायचा, रंग चढवायचा, हे धाकट्याचं. एकाच्या कामात दुसऱ्याने नाक खुपसायचं नाही. धाकट्याला याचा भारी अभिमान. एवढा विश्वास दुसऱ्या कुठल्या गॅरेजात असतो, म्हणायचा.

पण वर्षभरापासून त्याच्या रंगाला काय झालं होतं कोण जाणे. जुनी गाडी चकाचक होऊन जायची आणि थोड्याच महिन्यांत परत यायची, दारांच्या खालच्या कडेला फोड घेऊन. गिऱ्हाईक भडकलं की थोरला पुढे व्हायचा. धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "सांभाळून घ्या साहेब. हात चांगला आहे हो त्याचा, घाई नडते. भाऊ आहे माझा, मी जबाबदार." धाकटा मान खाली घालायचा. असा भाऊ नशिबाने मिळतो, असं घरी बायकोला सांगायचा.

त्याने काय करायचं बाकी ठेवलं? कॉम्प्रेसरच्या हवेतून पाणी येत असेल म्हणून नवा फिल्टर बसवला. थिनर बदलला. दमट हवेत स्प्रे गनला हात लावणं सोडलं. शेजारचा टायरवाला दात काढायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं!" शेवटी तर तो आपलेच हात उजेडात धरून बघायला लागला, थरथरतात की काय. शाळेतल्या बाईंची जुनी हिरवी गाडी त्याने जीव ओतून रंगवली. हिलाही फोड आले तर रंगकाम कायमचं सोडायचं, असं त्याने घरी सांगून टाकलं होतं.

फोड आले. बाई गाडी लावून गेल्या, संध्याकाळी येते म्हणाल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

थोरला सामान आणायला गेला होता. सोडायचंच आहे, तर आपली चूक नेमकी कुठल्या थरात आहे ते तरी बघावं, म्हणून धाकट्याने पुट्टी खरवडायची पत्री घेतली आणि फोड खरवडला. रंग निघाला. प्रायमर निघाला. मग पुट्टीची बोटभर जाड खपली निघाली आणि तिच्यामागे पत्राच नव्हता. गंजाने खाल्लेलं भोक होतं आणि त्यात एक फडकं कोंबलेलं होतं. ओलंकिच्च. दारात झिरपणारं सगळं पाणी पिऊन बसलेलं. ओढून काढलं तर धाकट्याच्याच जुन्या कामाच्या शर्टाची बाही निघाली.

थोरला आला. त्याने दार बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

"दादा, सगळ्याच गाड्यांना?"

"सगळ्या नाही रे. पत्रा कापत बसलं की काम रखडतं, तिथेच. तुझा हात एवढा साफ आहे, वरून कुणाला कळतच नव्हतं."

"फोड आल्यावर कळत होतं ना. माझ्या नावाने."

"मग काय करायचं होतं?" थोरला उसळला. "पत्रा ठोकणारा डेंटरच खोटा म्हटलं की गॅरेजला टाळं. रंग काय, कुणाचाही बिघडतो. आणि तुला कधी वाऱ्यावर सोडलं का मी? दर वेळी मध्ये पडलो."

दर वेळी. खांद्यावरचा तो हात धाकट्याला आठवला. परक्याने फसवलं असतं, तर चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. इथे केसाने गळा कापणारा वरून मायेने मफलरही गुंडाळत होता, आणि आपण त्या मफलरचे आभार मानत होतो!

बाई आल्या. थोरला सवयीने पुढे झाला. "बाई, सांभाळून घ्या, धाकट्याची जरा घाई..."

"बाई, इकडे या," धाकटा म्हणाला. "यात बोट घाला."

बाईंनी घातलं. बोट आरपार गेलं.

"मी हिला रंग मारणार नाही. दुसरीकडे न्या. आधी पत्रा बदलून घ्या, डोळ्यांदेखत."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "पण तुम्ही रोज यांच्या शेजारीच काम करता ना? एकदाही बघावंसं वाटलं नाही, खाली काय आहे ते?"

थोरला कॉम्प्रेसरकडे तोंड करून उभा होता.

"नाही वाटलं," धाकटा म्हणाला. "मी त्याला दादा म्हणायचो."