कठड्यावरची टॅमसिन

माझ्या मुलीचं, मॉरवेनाचं पत्र दोन महिने टेबलावर पडून होतं. 'बाबा, टॅमसिनला वर्षभर तुमच्याकडे ठेवाल का? पंधरा वर्षांची हुशार पोरगी, मग असली वेडी धाडसं का करते? तिच्यात काही कमी आहे का?' मेंदूवरची चार पुस्तकं वाचूनही मला उत्तर लिहवेना. माझा जन्म ग्रंथालयात गेला. मॉरवेनाला वाढवलं ते तिच्या आईनं. शेवटी सुट्टीपुरती नात आलीच.

त्या सकाळी पावावर व्हेजीमाइटचा खारट लेप फासत तिनंच भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिलं. "आज दुपारी धक्क्यावरून उडी नाही, आजोबा. गुडघाभर पाणी असेल. मान मोडायची."

दुपारी मी खेकड्यांची बादली घेऊन धक्क्याच्या टोकाकडून परतत होतो. टॅमसिन कठड्यावर उभी होती. खाली पाण्यातून वाळूच्या वळ्या स्पष्ट दिसत होत्या. तिच्या मागे शेजारचा ब्रॉडी आणि त्याचे दोन मित्र, तिच्याच वयाचे.

"काय गं, पाय चिकटले का?" ब्रॉडी म्हणाला.

"आजोबांना विचारून ये, जा."

"गप रे. मारतेय उडी."

तिनं गुडघे वाकवले.

मी हाक मारली नाही. मारली असती तर बघणारा आणखी एक वाढला असता. बरोबरीचे बघत असले की या वयात मेंदूतली हौस उसळते, आणि लगाम अजून घडायचा असतो, असं मी वाचलं होतं. कितपत खरं, कोण जाणे. मी बादली पोरांच्या अनवाणी पायांपाशी उपडी केली.

निळे खेकडे नांग्या उगारून फळ्यांवर पसरले.

"आई गं, माझा अंगठा!"

"म्हाताऱ्याला वेड लागलं काय रे?"

तिघं नाचू लागले. कठड्याकडे कोणीच बघत नव्हतं. टॅमसिननं वळून त्यांना पाहिलं, मग खाली पाण्याकडे. बराच वेळ. मग ती हळूच कठड्यावर बसली आणि आतल्या बाजूला उतरली.

घरी जाताना रिकामी बादली तिनं घेतली.

"पाणी नाही, हे माहीत होतं मला. वर उभी होते तेव्हासुद्धा."

"मग?"

"ते बघत होते ना." थोडं चालल्यावर म्हणाली, "रात्रीचं जेवण सोडून दिलंत तुम्ही."

"बटाटे आहेत."

संध्याकाळी मी लिहिलं, 'मॉरवेना, तिच्यात काही कमी नाही. समज आहे, लगाम घडतोय. अजून काही वर्षं लागतील. तोवर कोणीतरी जवळ हवं. मला जमेल का, ठाऊक नाही. पण तिला इथंच राहू दे.'

टपालपेटीपाशी मी पुन्हा घुटमळलो.

"काय आजोबा, हात चिकटला का?" टॅमसिन म्हणाली.

मी पाकीट आत सोडलं.