भाड्याची आत्या

घरमालक शनिवारी सकाळी आला आणि चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात त्याने आठ परक्या माणसांचं एक कुटुंब करून टाकलं. सोमवारी नगरपालिकेची तपासणी होती. एका कुटुंबाने आपल्या घरात कितीही दाटीवाटीने राहावं, पालिका त्यात पडत नाही. पण वेगवेगळे भाडेकरू एका घरात कोंबले की तिला सगळे अधिकार मिळतात, हे मालकाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने ड्रायव्हरला बाप केलं, इस्पितळात कामाला जाणाऱ्या मुलीला त्याची लेक केलं, दोघा रंगाऱ्यांना मेहुणे केलं, बाकीच्यांना चुलत-मामे नात्यांत बसवलं आणि लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईकडे बोट दाखवून म्हणाला, "या आत्या."

"आत्या का? मावशी का नाही?" बाईने विचारलं.

"मावशी म्हटलं की आई कुठेय, असं विचारतील. आत्या बरी. बाप समोरच आहे."

माणूस हुशार होता, यात वाद नाही. त्यातली चिमूटभर हुशारी त्याने गळका नळ दुरुस्त करायला वापरली असती, तर ही वेळच आली नसती.

आत्याची खाट अगदी मागच्या खोलीत होती, मागच्या दाराला आडवी लावलेली. दाराला बाहेरून कुलूप, आतून खाट, खाटेखाली आणि उशाशी सगळ्यांच्या ट्रंका. दाराच्या फटीतून वारा यायचा, म्हणून भाडं कमी. पण या घरात कुणाच्याही जाण्यायेण्याच्या वाटेत नसलेली तेवढी एकच जागा होती आणि आत्याचा तिच्यावर जीव होता. दिवसभर उभं राहून इस्त्री करणाऱ्या बाईला पाठ टेकायला आपली म्हणावी अशी जागा लागते. ती गेली तर दुसरी मिळणं कठीण आहे, हे तिला माहीत होतं. या भावात एकट्या बाईला खोली कोण देतो? खरा भाऊ होता, पण तो कधीचा परका झाला होता आणि त्याच्या मुलांनी तिला रस्त्यात ओळखलं नसतं.

रविवारी ड्रायव्हरने सगळ्यांची उजळणी घेतली. कोण कुणाचा कोण, कुणाचं लग्न कुठे झालं, आजोबा कशाने गेले. धाकट्या रंगाऱ्याने मेहुणेपण फारच मनावर घेतलं. सकाळपासून तो हातात चहा आल्याशिवाय हलेना.

"अरे, उठ की! खोटा मेहुणा आहेस तू," आत्या म्हणाली.

"खोटा असलो तरी मान खराच हवा," तो म्हणाला, आणि चहा त्याला मिळाला.

मग कुणीतरी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. फळीवर मिठाच्या आठ बरण्या होत्या. चहाचे आठ डबे, साखरेचे आठ, तांदळाचे आठ, आणि दोन डब्यांना तर चक्क कुलुपं.

"एका घरात आठ बरण्या मीठ? इतकं खारट कुटुंब कुठे असतं का?" आत्याने पदर खोचला आणि मीठ एका बरणीत ओतायला घेतलं. मग साखर, मग चहा. तांदळापाशी थोडी कुरकुर झाली, कारण कुणाचा बारीक होता, कुणाचा जाडा. शेवटी तोही एकत्र झाला. मग वेगळं शिजवायला काही उरलंच नाही, आणि सगळे पहिल्यांदा एका पातेल्यातलं जेवले. जाडा तांदूळ जरा कच्चा राहिला, बारीक तांदळाचा गाळ झाला, तरी कुणी तक्रार केली नाही. मुलगी वाढत होती. ती म्हणाली, "आत्या, तुम्ही काहीच घेतलं नाहीत. थांबा, मी वाढते." तेव्हा तिथे कुणी तपासनीस नव्हता की मालक नव्हता. आत्याला ते फार आवडलं. इतकं आवडलं की तिला स्वतःचीच लाज वाटली.

वाढताना मुलीची बोटं दिसली. सांध्यांवरची सोललेली कातडी अजून पुरती भरून आली नव्हती.

मागच्या आठवड्यात गॅसच्या नळीने पेट घेतला होता. शेगडी पुढच्या दाराला लागूनच, म्हणजे बाहेर जायची वाट तीच. ड्रायव्हरने ओलं पोतं टाकून आग विझवली आणि सगळे हसले, कारण त्याच्या मिशीचं एक टोक जळालं होतं. मुलगी मात्र मागच्या खोलीत होती. धूर बघून ती आत्याच्या खाटेवर चढली आणि मागचं दार दोन्ही हातांनी बडवत राहिली. नंतर ती याबद्दल कुणाशी चकार शब्द बोलली नाही. आत्याने संध्याकाळी चादर झटकली, तेव्हा तिच्यावर रक्ताचे डाग होते. ते तिने गार पाण्याने काढले आणि तीही मूग गिळून बसली. बोलली असती तर खाट हलवावी लागली असती.

सोमवारी तपासनीस आली. मध्यम वयाची बाई होती. शर्टाच्या कॉलरला घाईत उलटसुलट इस्त्री केलेली, म्हणजे घरी स्वतःच्या हाताने केलेली. आत्याला ती उगीचच बरी वाटली. तिने सगळ्यांना एकेकटं गाठून विचारलं आणि कुणीही कुठे अडखळलं नाही. ड्रायव्हरने आजोबांच्या आजारपणाचं असं काही वर्णन केलं की थोरल्या रंगाऱ्याचे डोळे भरून आले. स्वयंपाकघरात एक बरणी, एक डबा. तपासनीस बाईने मान हलवली.

शेवटी ती मागच्या खोलीत आली. खाट बघितली, ट्रंका बघितल्या, वाकून दाराच्या फटीतून बाहेरचं कुलूप बघितलं.

"हे दार कधी उघडत नाही?"

"नाही," आत्या म्हणाली.

"पुढे काही पेटलं तर?"

आत्या खाटेवरची चादर सारखी करायला लागली.

"हे बघा," तपासनीस बाई खाटेच्या कडेला टेकली. "तुम्ही एक कुटुंब असाल, तर मी फार तर सल्ला देईन. मालकाला हुकूम देता येणार नाही. वेगवेगळे भाडेकरू असता, तर हे दार मी याच आठवड्यात उघडायला लावलं असतं, शेगडी हलवायला लावली असती. पण तुमच्यात खोट काढण्यासारखं काही दिसत नाही." तिने पेनाला टोपण लावलं आणि उठली.

आत्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही. तिच्या डोळ्यांसमोरून मुलीची ती बोटं हलेनात.

"आणि दार उघडायचं म्हणजे ही खाट?" तिने विचारलं.

"खाट जाणार. इथे किती माणसांनी राहायचं, तेही ठरेल. दुसरी जागा शोधायला मुदत मिळते. जागा आम्ही देत नाही, हे मी आधीच सांगते."

"थांबा बाई," आत्या म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तो ड्रायव्हर माझा भाऊ नाही. ती मुलगी माझी कुणी नाही. इथे कुणी कुणाचं काही लागत नाही. आम्ही आठही जण वेगवेगळं भाडं भरतो."

तपासनीस बाईने तिच्याकडे नीट बघितलं. "असं लिहिलं तर पहिली जागा तुमची जाईल. कळतंय ना तुम्हाला?"

"माझीच खाट आहे. मला नाही कळणार तर कुणाला? लिहा तुम्ही."

तपासनीस बाई गेल्यावर घरात जो गोंधळ उडाला तो विचारू नका. ड्रायव्हर डोकं धरून बसला. "आत्या, काय करून बसलात हे! मालक आता एकेकाला बघून घेईल." थोरल्या रंगाऱ्याने तिच्याकडे पाठ फिरवली. धाकटा म्हणाला, हिला कुणी पैसे चारले असतील. आत्याने सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या जागी ती असती, तर तीही हेच बोलली असती.

मुलगी दारात उभी होती. पहिल्यापासून तिथेच होती, म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं.

"मी कुणी नाही?" तिने विचारलं.

"दार उघडेल आता. बाईंनी लिहून घेतलंय."

"मी ते नाही विचारलं."

आत्याने ट्रंकेची कडी धरली होती, ती सोडली.

"सख्खी भाची असतीस, तरी हे दार उघडावं म्हणून आज तुला परकीच म्हटलं असतं," ती म्हणाली. "सख्खी असतीस तर मागच्या आठवड्यातच खाट हलवून दार उघडायला लावलं असतं. चुकलं माझं ते तिथे."

मुलीच्या ड्युटीची वेळ झाली होती. तिने पिशवी उचलली आणि ती गेली. आत्या गुडघ्यांवर बसली आणि खाटेखालचं सामान एकेक करून बाहेर ओढायला लागली.